‘पुरे’ म्हटल्यानंतर

वहिनीचा उजवा हात प्रेसखाली गेला तेव्हा मी शाळेच्या गणवेशांना बटणं लावत बसले होते. फोन दादाचा आला. "हात गेला," एवढंच म्हणाला आणि पुढे नुसता श्वास ऐकू येत राहिला. कुणाचा हात, कुठे गेला, काही पत्ता नाही. मी म्हटलं, "मूग गिळून बसलायस का? नीट सांग." तेव्हा म्हणाला, "तिचा." मी तशीच उठले, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून, आणि दवाखाना गाठला. वहिनी शुद्धीवर होती. तोंड पांढरंफटक, हाताभोवती कुणाचा तरी तेलकट शर्ट गुंडाळलेला, आणि तो शर्ट ठिबकत होता. मला बघून म्हणाली, "गॅस बंद करून आलीस ना?"

मी तिची नणंद, दादाची धाकटी बहीण. नणंदेने भावजयीची उणीदुणी काढावीत अशी जगाची अपेक्षा असते, आणि सुरुवातीला मी ती अगदी मनापासून पूर्ण केली. चहा फार गोड करते, दार आपटते, माझी कापडाची कात्री भाजीला वापरते. त्या कात्रीवरून आमचं एकदा असं वाजलं होतं की दादा उपाशी कामावर गेला. पण माझा संसार मोडला आणि मी एक ट्रंक आणि शिलाई मशीन घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले, तेव्हा दादा उंबऱ्यात विचार करत राहिला आणि वहिनीने मशीनची एक बाजू उचलली. "जड आहे गं," म्हणाली, "धर की तिकडून." विषय संपला. पुढच्या खोलीत खिडकीपाशी ते मशीन बसलं ते आजतागायत.

दोघं नवराबायको एकाच कारखान्यात. डब्यांची झाकणं, दाराच्या बिजागऱ्या, असला पत्र्याचा माल. मोठ्या शेडमध्ये प्रेसची रांग. खाली साचा, वर लोखंडी ठोकळा, मधे पत्रा सरकवायचा. ठोकळा धाडकन खाली येतो आणि पत्र्याचं झाकण होतं. पत्र्याऐवजी बोट सरकलं तर बोटाचं झाकण होतं. तिथली माणसं चहाचा कप कसा धरतात ते मी पाहिलंय. कुणी तिसऱ्या आणि चौथ्या बोटात, कुणी दोन तळव्यांत. एकदा तयार झाकणांच्या खोक्यात कुणाचा तरी अंगठा सापडला, तर फोरमन म्हणाला, खोकं वेगळं काढा, माल खराब झालाय.

त्या शेडमध्ये राजा कोण, तर सेटर. साचे बदलायचे, बसवायचे, ठोकळा किती खाली यावा ते ठरवायचं हे त्याचं काम. प्रेसवर बसणारे सगळे त्याच्या हाताखाली. वहिनी हे काम कित्येक वर्षं करत होती, फक्त नाव नव्हतं. कमरेला कायम पाना खोचलेला, म्हणून सगळे तिला पानाबाई म्हणत. एखादा सेटर रात्रीची उतरायच्या आधीच कामावर आला की फोरमन शीळ घालायचा, "पानाबाई, बघ जरा." साचा बसला की, "जा आता जागेवर." हजेरीवर ती मदतनीस. तिने शिकवलेले दोघं सेटर होऊन तिच्याच डोक्यावर बसले.

सेटर व्हायचं तर तिथे एक रीत होती. तिला सलामी म्हणतात. मोटर बंद करायची. उमेदवाराने आपला तळहात साच्यावर उपडा ठेवायचा. यंत्राच्या पाठीमागे एक मोठं चाक असतं. ते एक जण हाताने हळूहळू फिरवतो, तसा वरचा ठोकळा खाली येत जातो. ज्याचा हात खाली आहे त्याने "पुरे" म्हणायचं. म्हटलं की चाक थांबलं पाहिजे. जो जितक्या उशिरा म्हणेल तो तितका मोठा. खरे सेटर ठोकळ्याची धार कातडीला टेकल्यावर म्हणतात, आणि त्यांच्या हातावर मागच्या बाजूला एक अर्धगोल वण राहतो. पाणी प्यायला जमले की बाह्या सारून तो वण दाखवतात. शहाण्या माणसांची करमणूक ही.

दादानेही एकदा सलामी दिली होती. ठोकळा वीतभर वर असतानाच त्याने "पुरे" म्हटलं. तेव्हापासून त्याचं नाव वीतभर. अजूनही कुणी हाक मारतं, "ए वीतभर, माल आण." घरी तो हे कधी बोलला नाही. मला वहिनीने सांगितलं, आणि सांगताना हसली नाही.

वहिनीने सेटरची जागा मागितली तेव्हा फोरमनने सरळ सांगितलं, सलामीशिवाय सेटर नाही आणि बाईची सलामी होत नाही. तिने परत मागितली. मग सुरू झालं. तिच्या जेवणाच्या डब्यात ग्रीस. ती संडासात गेली की बाहेरून कडी, आणि पत्र्याच्या दारावर सळ्यांचा मार, ती आत कान दाबून उभी. एक दिवस सामानाच्या खोलीत एकाने तिला मागून आवळलं आणि तोंडावर तेलाचं फडकं दाबलं. वहिनीने कमरेचा पाना काढला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. हाड मोडल्याचा आवाज तिला स्वतःला ऐकू आला. त्या गड्याने गाडीवरून पडलो म्हणून सांगितलं, कारण पानाबाईने मारलं हे कुठल्या तोंडाने सांगणार? तिसऱ्यांदा ती गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "करा माझी सलामी." फोरमन म्हणाला, "ठीक आहे. होऊन जाऊ दे."

त्यातून परत आली ती अंगठा आणि करंगळी घेऊन. मधली तिन्ही बोटं तिथेच राहिली.

कारखान्याने काय सांगितलं ऐका. बाईने आपल्या मर्जीने हात घातला, "पुरे" म्हणालीच नाही, घाबरून दातखीळ बसली, चाक निसटलं. अख्खी रांग तेच बोलली, पाठ केल्यासारखं. वर मेहरबानी म्हणून गेटजवळ बसून पावत्या बघायचं काम देऊ केलं. माझं डोकं असं फिरलं की मी गेटवर जाऊन फोरमनच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वॉचमनने मला दंडाला धरून बाहेर काढलं, त्याच्या मनगटाला चावले मी. त्याचा काही दोष नव्हता बिचाऱ्याचा.

वकील करायची कल्पना वहिनीची. माझ्या एका गिऱ्हाइकाने एका वकीलबाईंचं नाव सांगितलं. नोकरीत माणसामाणसांत फरक केला की त्यावर भांडणाऱ्या. फोनवर त्यांचा कारकून बोलला. "दवाखान्याचे कागद आणा. पहिल्यापासून क्रमाने सांगायची तयारी करून या. कोण काय बोललं, कोण कुठे उभं होतं. आणि जे लपवावंसं वाटतंय ते आधी सांगा. ते समोरच्यांना ठाऊक असतंच."

आता दादाबद्दल सांगते. त्या दिवसापासून त्याने बायकोची अशी सेवा केली की विचारू नका. घास भरवायचा, वेणी घालायचा, वाकडीतिकडी का होईना पण घालायचा. रात्री ती कण्हली की याचे पाय आधी जमिनीवर. शेजारणी आपापल्या नवऱ्यांना त्याचं उदाहरण द्यायला लागल्या. असा नवरा मिळायला नशीब लागतं, हे मीच चारजणींना ऐकवलं.

वकिलाकडे जायच्या आदल्या दिवशी सुट्टी होती. दुपारी जेवणं झाल्यावर मी म्हटलं, "चल वहिनी, तालीम करू. मी वकील." चष्मा नाकावर घेतला, मशीनच्या स्टुलावर बसले. वहिनी समोर खाटेवर, बांधलेला हात उशीवर. दादा स्वयंपाकघराच्या दारात पुसून कोरडी झालेली ताटली पुसत उभा.

"तुम्ही कधी कुणाला मारलंत?" मी घसा खाकरून विचारलं.

"हो."

"कशाने?"

"पान्याने."

"किती वेळा?"

"तो खाली पडेपर्यंत."

"हे असं नाही सांगायचं गं."

"लपवायचं नाही म्हणालाय ना कारकून?" वहिनी म्हणाली. आम्ही दोघी हसलो. दादा हसला नाही.

मग मी सलामीकडे वळले. ते चाक, तो ठोकळा, माझ्या काही डोळ्यांसमोर येईना. मला करून बघितल्याशिवाय कळत नाही, शिवणसुद्धा मी तशीच शिकले. मशीनवर पांढरा गणवेश अर्धा शिवलेला तसाच होता. मी त्यावर डाव्या हाताचं पहिलं बोट सुईखाली ठेवलं आणि म्हटलं, "दादा, इकडे ये. हे तुमचं यंत्र समज. तू चाक फिरव, मी पुरे म्हणते."

"कशाला उगाच," तो म्हणाला.

"अरे ये ना. उद्या त्या बाई असंच विचारणार."

तो आला. मशीनचं हातचाक त्याने धरलं आणि हळू फिरवलं. सुई खाली येत गेली. तिचं टोक नखाला टेकलं तशी मी म्हटलं, "पुरे." चाक थांबलं. अगदी जिथल्या तिथे.

"थांबतं की," मी म्हटलं. "मग निसटलं कसं?"

"ते चाक जड असतं," दादा म्हणाला. "याच्यासारखं नाही ते."

"निसटलं नव्हतं," वहिनी म्हणाली.

ती आमच्याकडे बघत नव्हती. खिडकीच्या गजांकडे बघत होती.

"मी पुरे म्हटलं. धार कातडीला टेकली तेव्हाच म्हटलं. चाक थांबलंसुद्धा. मी मनात म्हटलं, झाले मी सेटर. एक श्वास घेतला. मग ते पुन्हा हललं."

"म्हणजे मुद्दाम?" माझा आवाज चढला. "कोण होता मेला चाकावर? कुणाला उभा केला होता फोरमनने?"

"चाकावर कोण, ते फोरमन नाही ठरवत," वहिनी म्हणाली. "ज्याचा हात खाली असतो तो ठरवतो. ज्याच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवता येईल असा माणूस."

"तू कुणाला ठरवलंस?"

तिने मान वळवली आणि माझ्या मशीनच्या चाकाकडे पाहिलं. दादाचा हात अजून त्यावरच होता. तो बसायला आधार शोधत होता की काय कोण जाणे, त्याचा सगळा भार त्या चाकावर आला आणि सुई माझ्या नखातून आरपार गेली.

दुखलं की नाही ते आठवत नाही. सुई आतच तुटली. मी बोट ओढलं तर गणवेशाचा खिसा लाल झाला. दादा जमिनीवर बसला होता आणि म्हणत होता, "चुकून, चुकून झालं गं."

"तेव्हाही चुकून?" मी विचारलं.



कापड मोजायची लाकडी पट्टी भिंतीला टेकवलेली असते. ती कधी हातात आली कळलं नाही. पहिली त्याच्या खांद्यावर घातली, दुसरी कानशिलावर. कान फाटला. तो हात वर करत नव्हता, म्हणून मला आणखी चेव येत होता. मी मारत होते आणि तो मारांच्या मधे मधे बोलत होता. "फोरमन म्हणाला, ती पुरे म्हणेल, तू ऐकू नकोस." मी मारलं. "म्हणाला, थोडं दाब, घाबरेल, स्वतःच सोडून देईल." मी मारलं. "सगळे म्हणत होते, आता वीतभरला पाणी प्यायलासुद्धा बायकोला विचारून जावं लागेल." मी मारलं. "मला वाटलं थोडंच. एक सूतभर. मला वाटलं नुसती ओरडेल." पट्टी मधेच मोडली. उरलेला तुकडा मी त्याच्या तोंडावर मारला, तेव्हा दात पडला आणि मशीनच्या पायाखाली गेला.

हा माझा भाऊ. लहानपणी मला कुत्रं चावायला आलं तेव्हा स्वतःचा पाय पुढे करणारा. पोटरीवर अजून दातांच्या खुणा आहेत त्याच्या. मला त्या वेळी तेही आठवलं आणि आठवल्याने राग कमी झाला नाही, दुप्पट झाला. मेल्या, तुला पाय पुढे करता येत होता की.

मी मशीनवरची कात्री घेतली. तीच, जिच्यावरून आमचं भांडण झालेलं. चार पदरी जाड कापड एका दमात कापते ती. त्याचा उजवा हात मी जमिनीवर दाबला, मनगटावर गुडघा ठेवला आणि मधली बोटं कात्रीच्या पात्यांत घेतली. त्याने ओढून घेतला नाही हात. डोळे मिटले. पातं कातडीत गेलं, रक्ताची बारीक रेघ बोटांवर उमटली. आता फक्त मूठ आवळायची होती. आणि मी आवळणार होते. उगाच खोटं कशाला बोलू.

"पुरे," वहिनी म्हणाली.

ती ओरडली नाही. नेहमीच्या आवाजात म्हणाली, चहात साखर पुरे म्हणावं तसं.

माझी मूठ थांबली. कात्री उघडी राहिली, त्याची बोटं तिच्यात तशीच.

वहिनी खाटेवरून उठली, आमच्यापाशी येऊन उकिडवी बसली. डाव्या हाताने तिने माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि बाजूला ठेवली. मग दादाला म्हणाली, "बघितलंत? थांबता येतं."

तेव्हा तो रडला. आत्तापर्यंत मारानेही रडला नव्हता. वहिनीने त्याला जवळ घेतलं नाही, दूरही ढकललं नाही. पदराने माझं बोट गच्च आवळून धरलं आणि विचारलं, "सुईचा तुकडा आतच आहे का गं?"

संध्याकाळी आम्ही तिघं दवाखान्यात गेलो. मी बोट घेऊन, तो कान आणि तोंड घेऊन. कंपाउंडर आमच्याकडे बघतच राहिला. "काय, घरात दरोडा पडला का?" म्हणाला.

परतताना मी वहिनीला विचारलं, "तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग त्याच्या हातून जेवत कशी होतीस?"

"भूक लागायची," ती म्हणाली. थोडं चालल्यावर म्हणाली, "रोज वाटायचं, आज सांगतील. घास भरवताना तोंड उघडायचे, आणि मग म्हणायचे, मीठ बरोबर आहे ना?"

दादा आमच्या मागून चालत होता. ऐकत असणार.

"उद्या नाव घेतलंस तर त्याची नोकरी गेली," मी म्हटलं. "कदाचित आतही जाईल. घर कशावर चालणार? आणि नाही घेतलंस तर तू दातखीळ बसलेली बाई. फोरमन मोकळा."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली.

"मग?"

"पाय उचल, दूध मिळायचं नाही नंतर."

सकाळी मी उठले तर दादा आंघोळ करून तयार. तोंड सुजलेलं, डोळा अर्धा मिटलेला, अंगात धुतलेला शर्ट. दवाखान्याच्या कागदांची पिशवी त्याच्या हातात. मी वहिनीकडे पाहिलं. ती आरशासमोर डाव्या हाताने केस विंचरत होती. त्या दिवशी वेणी तिने स्वतःच घातली, खूप वेळ लागला, आणि त्याला हात लावू दिला नाही.

वकीलबाईंची खोली दुसऱ्या मजल्यावर. खाली कुलुपांचं दुकान, जिन्यात रंगाचा वास. बाई सर्दीने बेजार, समोर रुमालांचा ढीग. त्यांनी वहिनीला समोरच्या खुर्चीत बसवलं, हाताची पट्टी बघितली, दवाखान्याचे कागद उलटेपालटे केले. मग आमच्या दोघांकडे पाहिलं. माझं बांधलेलं बोट, दादाचं तोंड. चष्मा वर केला.

"मी सगळ्यांसमोर बोलत नाही," त्या म्हणाल्या. "घरच्यांनी बाहेर बसायचं."

मी उठले. दादाही पिशवी घेऊन उठला.

"यांना राहू द्या," वहिनी म्हणाली.

वकीलबाईंनी नाक पुसलं आणि त्याच्याकडे बोट केलं. "का? हे कोण तुमचे?"

दादाने पिशवी खुर्चीवर ठेवली. दोन्ही हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, शेवटी टेबलावर ठेवले, उपडे.

"चाकावर हा होता," वहिनी म्हणाली.